हप्ता महिन्याला, माल दिवाळीला

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने एकाच पंधरवड्यात दोन गोष्टी पाहिल्या. २२ तारखेपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, लहान चारचाकींवरचा आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर शोरूमला गर्दी लोटली. त्याच दिवसांत बीड, धाराशिव, लातूर, परभणी, नांदेड या पट्ट्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, नदीकाठच्या रानातली माती खरडून गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मग मोबाइलवर जोडफोटो फिरू लागले. डावीकडे गुडघाभर पाण्यात उभा शेतकरी, उजवीकडे बोनेटवर झेंडूचा हार घातलेली नवीकोरी गाडी, आणि खाली एक ओळ: ‘मदत नक्की कुणाला चाललीय?’ त्यावरचं उत्तरही ठरलेलं. ‘शेतकऱ्याने काय जन्मभर बैलगाडीतूनच फिरायचं का? हौसेला मोल नसतं.’ कर्जमाफीचा विषय निघाला की ही जुगलबंदी पुन्हा रंगते, आणि दर वेळी आहे तिथेच संपते.

ती तिथेच संपते, कारण दोघंही एकाच ठिकाणी चुकतात. ‘ऐपत बघून खर्च करा’ म्हणणारा वस्तूची किंमत बघतो आणि माणसाची लायकी काढतो. ‘हौसेला मोल नसतं’ म्हणणाराही तीच किंमत बघतो आणि हिशोबच नको म्हणतो. माझं म्हणणं असं की वस्तू परवडते की नाही हे तिच्या किमतीवर ठरतच नाही. ती किती वापरली जाणार, बिघडली तर कुठे दुरुस्त होणार, तिला लागणारं पाणी आणि वीज घरात येते का, ती नसेल तर कुणाचं काय अडतं आणि तिचा हप्ता कोणत्या महिन्यात भरायचा आहे, यावर ठरतं. असा हिशोब मांडला की चैन म्हणून हिणवलेल्या कितीतरी वस्तू गरजेच्या निघतात, सोयीच्या म्हणून मिरवलेल्या काही निव्वळ दिखाऊ निघतात, आणि बिलातला मोठा हिस्सा मुळात सरकारने भरायचा होता हेही दिसतं.

गरिबाच्या खर्चाकडे बोट दाखवायची सवय काही आजची नाही. २०२५ च्याच एप्रिलमध्ये राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांनी, कर्जमाफीच्या पैशाचं तुम्ही काय करता, साखरपुडे आणि लग्नंच ना, अशा अर्थाचा सवाल एका शेतकऱ्याला केला होता. ओरड झाल्यावर दिलगिरीही व्यक्त केली. दीडशे वर्षांपूर्वी हाच सवाल इंग्रज साहेब करत होते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले आणि त्याचं लोण पुणे-नगर भागात पसरलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण कुणबी इकडचा काय नि तिकडचा काय, त्याच्याबद्दलची मतं सारखीच होती: लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने हे तपासलं आणि लिहिलं की कर्जबाजारीपणाचं कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चाला अवाजवी महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानाने त्याला उधळपट्टी म्हणता येईल, पण असे प्रसंग क्वचित येतात आणि सगळी वर्षं जमेस धरली तर तो खर्च त्या स्थितीतल्या माणसाला शोभणाऱ्या मर्यादेबाहेर जात नाही. मग कर्ज कशाने झालं? शेतसारा रोख होता, पीक येवो न येवो ठरल्या वेळी भरायचा होता. आणि अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला तेव्हा हात सैल सोडणाऱ्या सावकाराने भाव पडल्यावर तो आखडता घेतला होता. ‘शून्य डाउन पेमेंट’च्या फलकाखाली उभं राहून हा इतिहास जरूर आठवावा.

आता समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य करू, आणि ते थोडं नाही. आमच्याकडे गाडी फिरण्यासाठी कमी आणि दिसण्यासाठी जास्त घेतली जाते, हे कोण नाकारेल? लग्न जुळवताना दारात चारचाकी आहे का, हे मुलीकडचे बघतात. मुलाकडचे तर पुढे जाऊन तीच मागतात, वर त्याला ‘आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या मुलीसाठीच’ म्हणतात. तालुक्याच्या राजकारणात पांढरी, उंच गाडी असल्याशिवाय माणूस ‘नेतृत्व’ होत नाही. अशा गाडीचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा. समजा रस्त्यावर येईपर्यंत गाडी १० लाखांना पडली. शोरूमची किंमत ऐकून गेलेला माणूस आरटीओ, विमा, ॲक्सेसरीज यांची बेरीज बघून तिथेच घाम पुसतो, ते सोडा. ८ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता १६ हजार ८०० च्या घरात जातो आणि व्याज दोन लाखांवर. पाच वर्षांनी गाडी ५ लाखांना गेली तर ५ लाख घसाऱ्यात गेले. विमा-सर्व्हिसिंगचे वर्षाला ३० हजार धरा. म्हणजे पेट्रोलचा थेंब न टाकता पाच वर्षांत साडेआठ लाख. गाडी वर्षाला ५ हजार किलोमीटर फिरली तर किलोमीटरला ३४ रुपये नुसते उभं राहण्याचे, वर सहा-सात रुपये पेट्रोल. ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी पंधरा-सोळा रुपये किलोमीटरने धरली तरी ती याच्या निम्म्याहून कमी पडते. तीच गाडी वर्षाला २० हजार किलोमीटर पळाली तर मात्र पेट्रोलसकट पंधरा रुपयांत येते आणि हिशोब बरोबरीला लागतो. थोडक्यात, त्याच गाडीला एका घरात परवडणारी म्हणावं लागतं आणि शेजारच्या घरात खड्डा. जोडफोटोत हे दिसत नाही.

पण हाही हिशोब सगळीकडे लावू नये. वर्षात दोन-तीनदाच लागणारी वस्तू महाग म्हणून टाकायची, तर विहिरीवरचा दोर आणि घरातला विंचवावरचा उपायही टाकावा लागेल. वाडीवर रात्री बाराला बाळंतीण अडली आणि तालुक्याच्या दवाखान्यातून ‘घाटीला न्या’, म्हणजे संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, असं सांगितलं, की त्या रात्री दारातल्या गाडीचा किलोमीटरचा दर कुणी विचारत नाही. १०८ ची ॲम्ब्युलन्स २०१४ पासून राज्यात आहे आणि तिने माणसं वाचवली आहेत. पण पावसाळ्यात पुलावर पाणी असलं की ती अलीकडे उभी असते आणि रुग्ण पलीकडे. गावात एक तरी भरवशाची गाडी लागतेच. लागत नाहीत त्या बाराव्या आणि तेराव्या गाड्या, ज्या फक्त भावकीतल्या दुसऱ्याने घेतली म्हणून येतात.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण ऐपतीवर प्रवचन देणाऱ्यांच्या हे गावीच नसतं. १६ हजार ८०० चा तो हप्ता सोयाबीनमध्ये मोजा. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५ हजार ३२८ रुपये आहे, पण तो मिळाला तर. बाजारात ४ हजार २०० धरले तर हप्ता म्हणजे महिन्याला चार क्विंटल, वर्षाला ४८. कोरडवाहूत एकरी सहा-सात क्विंटलचा उतारा धरला तर सात-आठ एकरांचं अख्खं पीक, बी-खत-फवारणी-काढणीचा एक रुपयाही वजा न करता, त्या गाडीने खाल्लं. हा एक भाग झाला. दुसरा भाग त्याहून वाईट. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, कापसाचा पुढे दोन-तीन महिने वेचणीगणिक, उसाचा कारखान्याच्या मर्जीवर. जूनमध्ये बियाणं-खत, ऑगस्टमध्ये फवारणी, तेव्हा घरात येणं काही नसतं, असतं ते जाणंच. हप्ता मात्र पगारदाराच्या चालीने दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. कर्जाच्या अर्जात ‘मासिक उत्पन्न’ असा रकाना असतो, शेतकरी वर्षाच्या अंदाजाला बाराने भागून तिथे आकडा लिहितो, आणि तो आकडा वर्षातल्या एकाही महिन्यात खरा नसतो. साध्या दुचाकीचाही जुलैचा हप्ता चुकला की दंड, दंड चुकवायला हातउसने, हातउसने फेडायला सोनं गहाण. माणूस ऐपतीबाहेर गेला असं आपण म्हणतो. वर्षाच्या उत्पन्नात ती दुचाकी बसत होती की! बसत नव्हतं ते फक्त हप्त्याचं वेळापत्रक. शेतसाऱ्याच्या तारखेचं आणि याचं नातं मला सख्खं वाटतं.

गाड्यांवरच वाद घालतो आपण, कारण त्या दारात उभ्या दिसतात. घरातल्या वस्तूंवर हाच प्रश्न जास्त स्वच्छ उलगडतो. कपडे धुण्याचं मशीन घ्या. दुकानदार फ्रंट लोड दाखवणार, ३० हजारांच्या आसपास. कापड कमी झिजतं, पाणी कमी लागतं, वीजही बेताची. सगळं खरं. पण त्याला नळाला दाब असलेलं पाणी लागतं, आणि आमच्याकडच्या किती शहरांत नळ रोज येतो? आठ-दहा दिवसांनी, कधी रात्री दोनला, तासभर येतो. मग टाकी, ड्रम, बादल्या, घागरी, जे असेल ते भरून ठेवायचं आणि पुढचा आठवडा काढायचा. गच्चीवर टाकी चढवली तरी तिच्यात बहुतेकदा बोअरचं जड पाणी, ज्याचा पांढरा थर चार महिन्यांत हीटरवर बसतो. अशा घरात बाई दहा-बारा हजारांचं सेमी-ऑटोमॅटिक घेते आणि पुण्याहून आलेली नणंद ‘अजून हे जुनाट मशीन?’ म्हणून नाक मुरडते. ते जुनाट मशीन चालतं कसं, हे जवळून बघावं. ड्रममधून दोन बादल्या ओतायच्या. आधी शाळेचे पांढरे कपडे, मग त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत, मग रानातले चिखलाचे, शेवटी पायपुसणी. खळबळायला घेतलेलं पाणी बादलीत धरायचं, त्यात उद्याचा पहिला घाणा भिजवायचा, उरलं ते संडासात आणि अंगणात. फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड एका दमात शंभर-सव्वाशे लिटर पाणी घेऊन मोरीत सोडून देतं. इथे तेवढ्यात घरभराचं धुणं निघतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात कुठलं मशीन शहाण्याचं होतं हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आणि इथेच माझ्या बाजूची सर्वांत कच्ची विटही दिसते. हे जे ‘व्यवहार्य’ मशीन आहे, त्याच्याजवळ तासभर उभं कोण राहतं? ओले कपडे एका भांड्यातून दुसऱ्यात कोण उचलतं, पाण्याचा प्रत्येक तांब्या कोण मोजतं? घरातली बाई. तिच्या तासाला हिशोबात शून्य धरलं म्हणून सेमी-ऑटोमॅटिक स्वस्त दिसलं. काटकसरीची पुष्कळ भाषणं अशीच असतात, करणारा पुरुष आणि काटकसर राबवणारी बाई. तिने नळाची वेळ सांभाळून, कामावर जाऊन, वर हेही करायचं असेल तर ३० हजारांचं मशीन तिला महाग पडतं हे मी कोण ठरवणार? पण मग प्रश्न मशीनचाही उरत नाही. रोज दाबाने पाणी आलं असतं तर तिने कुठलं मशीन घ्यायचं हा तिचा आणि तिच्या पगाराचा मामला होता. पाणी येत नाही म्हणून ती तास तरी देते नाहीतर पैसे तरी देते. जारचं पाणी, आरओ, बोअर, सबमर्सिबल, टाकी, इन्व्हर्टर या सगळ्या वस्तू आज ‘राहणीमान वाढलं’ म्हणून मोजल्या जातात. यातली एकही हौसेने आलेली नाही. नगरपालिकेने जे दिलं नाही ते घराघराने सुटंसुटं, आणि म्हणून महागात, विकत घेतलं आहे.

कूलरचं तेच. कोरड्या उन्हाळ्यात, परभणी-नांदेडचा पारा ४३-४४ ला टेकलेला असताना, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दीडशे-दोनशे वॅटमध्ये खोली निववतो. दीड टनाच्या एसीला पंधराशे वॅटच्या आसपास लागतात. पण मोठा कूलर मे महिन्यात दिवसाला शंभरेक लिटर पाणी पितो, आणि पाणी टँकरचं असेल तर विजेत वाचवलेलं तिकडे जातं. कोण शहाणा, हे ज्याच्या त्याच्या टाकीवर आहे.

दुचाकीला तर मी चैन म्हणायला तयारच नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत गाड्या धड धावल्या नाहीत. शाळा-कॉलेजं तेव्हा नुकती उघडत होती. ज्या घरात दुचाकी होती त्या घरातली मुलगी कॉलेजला गेली, नव्हती तिथली काळीपिवळीत दाटीवाटीने गेली किंवा घरीच राहिली, आणि घरी राहिलेल्या मुलीचं पुढे काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. उत्तम योजना. पण अर्ध्या तिकिटाचा उपयोग व्हायला आधी गाडी यावी लागते. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि तीही फाट्यावरूनच वळणारी असेल तर सवलत कुणाला? अशा वेळी बापाने कर्ज काढून मुलीला स्कूटी घेतली तर त्याला उधळ्या म्हणणाऱ्याने आधी डेपो मॅनेजरला विचारावं. स्मार्टफोनचंही असंच. ‘खायला नाही पण हातात पंधरा हजारांचा मोबाइल’ हा टोमणा २०२१ नंतर तरी बंद व्हायला हवा होता, कारण त्या वर्षी सरकारनेच ई-पीक पाहणी सुरू केली. शेतात उभं राहून, फोनवर पिकाचा फोटो काढून नोंद केली नाही तर पीकविमा, अनुदान, हमीभावाची खरेदी, सगळीकडून हात हलवत परतायची पाळी. स्वतःकडे फोन नसेल तर दुसऱ्याच्या फोनसाठी मिनतवारी. सरकार जी वस्तू सक्तीची करतं ती चैनीची कशी?

‘मग स्वस्तातलं घ्या की’ हा पुढचा सल्ला. ऐकायला बिनतोड आहे, पण स्वस्त आणि परवडणारं यात अंतर असतं आणि ते ग्राहकाला बरोबर कळतं. २००८ मध्ये एक लाखाची नॅनो दाखवली तेव्हा देशभर कौतुक झालं. २००९ मध्ये ती बाजारात आली, २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. पावसात स्कूटरवर चौघांचं कुटुंब बघून सुचलेली ती गाडी त्या कुटुंबानेच घेतली नाही. सर्वांत स्वस्त गाडी म्हणून तिची जाहिरात झाली ही चूक होती, हे पुढे रतन टाटांनीही मान्य केलं. आयुष्यात एकदाच गाडी घेणाऱ्या माणसाला ‘याला हीच परवडते’ असं पाठीवर लिहून फिरायचं नव्हतं. त्याने तेवढ्याच पैशात जुनी अल्टो घेतली, जिचे पार्ट तालुक्याला मिळतात आणि जी विकायला काढली की आठ दिवसांत जाते. मानही राहिला आणि पैसाही. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे ती काही दिसायला देखणी म्हणून नाही. ती प्रत्येक फाट्यावरच्या मिस्त्रीला डोळे झाकून खोलता येते, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून पळते आणि दहा वर्षांनीही तिला गिऱ्हाईक असतं. इलेक्ट्रिक स्कूटरचा रोजचा खर्च तिच्यापुढे काहीच नाही, संभाजीनगरात सिडको ते वाळूज जाणाऱ्या कामगाराला ती आजच परवडते. जिंतूर-केजकडच्या वाडीवर मात्र, जिथे सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावाला आणि ती तिथे पोचवायला टेम्पो लागतो, तिथे वाचलेलं पेट्रोल एका बिघाडात निघून जातं.

उलटं उदाहरणही आहे, नाहीतर मी फार सोपं करतोय असं होईल. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली, तेव्हा सर्फच्या कितीतरी खाली तिचा भाव होता. सर्फवाल्यांनी जाहिरातीतल्या हिशोबी गृहिणीला, ललिताजींना, टीव्हीवर उभं केलं. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो, अर्धा किलो सर्फ किलोभर स्वस्त पावडरीबरोबर चालतं, असा तो हिशोब होता आणि तो चुकीचा नव्हता. तरी घराघरात निरमा गेली, आणि अखेर हिंदुस्तान लिव्हरला स्वतःचं स्वस्त ‘व्हील’ आणावं लागलं. कारण ललिताजींच्या हिशोबाला महिन्याचं सामान एकदम भरणारं घर लागतं. आठवड्याच्या बाजारात रोजीच्या पैशातून धुण्याची पावडर घेणारी बाई त्या दिवशी हातात किती आहे यावर ठरवते. तिथेही पुन्हा पैसा कधी येतो हाच मुद्दा. शाम्पूची पुडी तर गंमतच आहे, अनेकदा ती मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडते, म्हणजे एक-दोन रुपयांची पुडी घेणारी ती अडाणी नव्हे.

खेळांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथला वाद सर्वांत पोरकट आहे. पोराने पन्नास हजारांचा प्लेस्टेशन मागितला की घरात भूकंप होतो, आणि तोच पोरगा मोबाइलवर ‘फुकट’ गेम खेळत बसला तर कुणाला काही वाटत नाही. पन्नास हजारांचं यंत्र, बारा हजारांच्या गेम, चार वर्षांनी पंचवीस हजारांना विकलं, आठवड्याला सहा तास खेळला, तर तासाला तीस रुपये पडतात. कमावत्या माणसाने ही हौस केली तर सिनेमाच्या तिकिटाहून ती स्वस्त आहे. फुकटचा खेळ मात्र कपडे, बंदुका, नाणी यांच्या नावाने शंभर-शंभर रुपये यूपीआयने काढत राहतो आणि त्याला पुन्हा विकायची किंमत शून्य. पैसे लावायच्या रमीने तर खेड्यातल्या पोरांच्या जमिनी विकायला लावल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यावर बंदीचा कायदा केला तो उशिराच. साखरपुड्यांचा सवाल करणाऱ्या त्या मंत्र्यांचाही त्याआधी महिनाभर सभागृहात मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. कृषी खातं गेलं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं!

आणि ऐपतीचा विषय निघालाच आहे तर ऑक्टोबर २०१० मधलं औरंगाबाद विसरून चालणार नाही. शहरातल्या दीडशे जणांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज घेतल्या, व्यवहार ६५ कोटींच्या घरातला. औरंगाबादची पत जगाला दाखवायची, हा उद्देश त्यांनी लपवला नाही. एकगठ्ठा खरेदी करून भाव पाडण्यातली हुशारीही मान्य. पण त्या गाड्यांना सरकारी बँकेचं कर्ज सात टक्क्यांच्या आसपास मिळालं, आणि त्याच काळात त्याच मुलखातला शेतकरी ट्रॅक्टरला त्याहून कितीतरी चढं व्याज भरत होता. तेव्हा शेजारी शेजारी लावायचे दोन फोटो हे होते. दिखाव्याची गाडी स्वस्त पैशात आणि कामाची गाडी महाग पैशात, आणि जोडफोटोवाले त्या दिवशी ‘मराठवाडा पुढे चालला’ म्हणून टाळ्या वाजवत होते.

माझी मागणी छोटी आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्त्याची सोय आहे, म्हणजे पीक कधी येतं हे बँकेला माहीत आहे. मग शेतकऱ्याच्या दुचाकीला, सेकंडहँड गाडीला, पाणी उपसायच्या मोटारीला महिन्याचाच हप्ता का? नोव्हेंबरात मोठा, मार्चमध्ये त्याहून लहान, मध्ये काही नाही, असं वेळापत्रक शेतकऱ्याच्या दारात वसुलीवाला पाठवण्यापेक्षा बँकेलाही स्वस्त पडेल. सहा महिने पैसा हातात राहिला की माणूस दुसरीकडे उडवतो, हप्त्याची शिस्त लागत नाही, असं बँकवाले म्हणतात. काही जण उडवतीलही, पण शिस्त लावायला आधी त्या महिन्यात पैसा यावा लागतो. दुष्काळ पडला, अतिवृष्टी झाली तर दोन्ही हप्ते बुडतील, हा त्यांचा दुसरा आक्षेप. बुडतील, खरं आहे. पण अशा वर्षात महिन्याचे बाराही थकतातच, वर प्रत्येकाचा दंड वेगळा.